अकरातली सातवी रेणू

शालीकराम पुस्तोडेच्या फोटोंत मेलेली माणसं उभी राहत, आणि त्यात अर्जुनी मोरगावातल्या कोणाला काही वावगं वाटत नसे. उलट लोक त्याचसाठी त्याच्या स्टुडिओत येत. पोरीचं लग्न झालं, बाप चार वर्षांपूर्वीच गेलेला. तर शालीकराम जुन्या फोटोतून बाप उचलायचा, त्याच्या खांद्यावर नवाकोरा दुपट्टा टाकायचा आणि त्याला नवरीच्या मागं असा नेमका उभा करायचा, की पाहणाऱ्या बाईनं डोळ्याला पदर लावलाच पाहिजे. "माणूस परत आणून देते हा शालीकभाऊ," असं लोक म्हणत. तो वरवर म्हणायचा, "कायचं बाप्पा, कॉम्प्युटर करते सारं," पण आतून गडी फुगायचा. चौपन्न वर्षांचा झाला तरी ही फुगायची खोड काही गेली नव्हती, आणि पुढं जे झालं ते त्या खोडीपायीच झालं.

तसा माणूस वाईट नव्हता हो. कोहळी जातीच्या घरातला. आजे-पणजे तलाव बांधणारे, पाण्याचा उतार नुसत्या डोळ्यानं ओळखणारे. "त्यांनी पाणी अडवलं आन् हा बसला उजेड अडवत," असं त्याची बायको कुंदाबाई म्हणायची, आणि ती काही कौतुकानं म्हणत नसे. घरची धानाची शेती धाकटा भाऊ पाहायचा. शालीकराम आपला सकाळी नऊला स्टुडिओचं शटर वर करायचा. मोबाईल आले तशी गिऱ्हाइकं आटली, आणि दिवसभर माशा मारायची पाळी आली.

अशात मागच्या दिवाळीनंतर चैतराम सर स्टुडिओत आले. शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. गावाबाहेर तलावाच्या पाळीखाली त्यांनी नदीची रेती टाकून खड्डा केला होता, आणि तिथं पोरापोरींना लांब उडी शिकवत.

"शालीक," सर म्हणाले, "मी पोराले म्हणतो, तुहा पाय हवेत लवकर पडला. पोरगं म्हणते, नाही सर. आता हवेतल्या पायाची साक्ष मी कोठून आणू?"

शालीकरामनं साक्ष आणली. त्याची रीत अशी. आधी ट्रायपॉड पक्का रोवायचा. मग उडी मारणारं कोणी नसताना नुसत्या मैदानाचा एक फोटो घ्यायचा. त्याला तो कोरी पाटी म्हणे. मग पोरगं धावत आलं की बटण दाबून धरायचं. कॅमेरा एका सेकंदात दहा फोटो घेतो. नंतर कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोतलं पोरगं कापून कोऱ्या पाटीवर आपापल्या जागी चिकटवायचं. म्हणजे एकाच फोटोत एकच पोरगं अकरा वेळा: फळीवर पाय पडायच्या आधीची तीन, हवेतली सहा, रेतीतली दोन. अख्खी उडी समोर पसरलेली. ज्याला खोटं बोलायचं त्यानं बोलून दाखवावं.

सर खुश, पोरं खुश, शालीकराम तर विचारूच नका. दर शनिवारी दुपारी तो ट्रायपॉड खांद्यावर टाकून पाळीखाली हजर.

त्या पोरांत रेणू सयाम होती. केशोरीकडच्या जंगलाला लागून तिचं गाव, गोंडाची पोरगी, बारावीत शिकणारी. बाप भैयालाल वनखात्याच्या कामावर मजूर. आई रेणू पाच वर्षांची असतानाच तापानं गेलेली. मावशी वच्छलाबाईनं वाढवलं. रेणू रोज एसटीनं अर्जुनीच्या कॉलेजात यायची, दुपारी सराव करायची आणि परतीची बस धरायची. बोलणं कमी. पण फळीवर पाय पडला की पोरगी अशी उचलली जायची की बघणाऱ्याचा श्वास तिच्याबरोबर वर जायचा. जानेवारीत नागपूरला विभागाची स्पर्धा होती, आणि सरांची सारी भिस्त रेणूवर होती.

डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारची गोष्ट. शालीकराम स्टुडिओत बसून रेणूचे अकरा फोटो एकेक उघडत होता. पहिला, दुसरा, तिसरा. सहाव्यात ती छाती काढून हवेत. आठव्यात पाय पुढं फेकलेले.

सातव्यात रेणू नव्हती.

पाळ होती, पाळीवरचं मोहाचं झाड होतं, खाली रेती होती. मध्ये नुसती हवा. शालीकरामनं चष्मा पुसला. मग त्याचं लक्ष रेतीकडं गेलं. रेतीवर सावली होती. दोन हात वर केलेल्या, पाय दुमडलेल्या पोरीची स्वच्छ काळी सावली, आणि ती पाडायला वर कोणीच नाही.

"कॅमेरा म्हातारा झाला," तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला. खोलीत कोणी नसताना मोठ्यानं बोलायची त्याला सवय नव्हती. मग त्यानं तेच केलं जे तीस वर्षं करत आला होता. भोक दिसलं की बुजवायचं. तिच्याच दुसऱ्या एका उडीतली रेणू कापली आणि सातवीच्या जागी बेमालूम बसवली. सरांनी फोटो पाहिला, म्हणाले, "वा रे पठ्ठे!" आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

दुसऱ्या शनिवारी सहावी आणि सातवी, दोन्ही रेणू नव्हत्या. सहावीची सावली होती. सातवीची सावलीसुद्धा नव्हती.

त्यानं कॅमेऱ्याचं कार्ड बदललं. गोंदियातल्या एका ओळखीच्या फोटोग्राफरकडून दुसरा कॅमेरा मागून आणला. बाकीच्या नऊ पोरापोरींच्या उड्या काढल्या. सगळे अकराच्या अकरा. रेणूची काढली, की मधे भोक. डोळ्यानं पाहावं तर पोरगी समोरून उडून जाताना दिसते, रेतीत पडते, उठून कपडे झटकते. कॅमेऱ्याला तेवढी दिसत नाही.

बुधवारी तो मुद्दाम मैदानावर गेला. रेणू पाळीच्या दगडावर बसून बुटातली रेती काढत होती.

"पोरी, हवेत गेल्यावर तुले काही होते काय?"

"काऊन काका?"

"असंच. विचारून राहिलो."

रेणूनं बूट उलटा करून आपटला. मग म्हणाली, "खाली याले लई वेळ लागते आजकाल. वर गेली का सारं चूप होते. सरांचा आवाज नाही, पाखरांचा नाही. अगरबत्तीचा वास येते. आन् गळ्यात कोणी काही टाकल्यावानी वाटते. जड नाही. थंडं. वल्लं."

"मंग?"

"मंग पायाले रेती लागते. पण काका, दिवसेंदिवस रेती दूर जाऊन राहिली."

"भेव नाही लागत?"

"नाही," पोरगी म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "चांगलं वाटते."

हे चांगलं वाटणंच शालीकरामला सगळ्यात वाईट वाटलं. घरी येऊन तो जेवला नाही. कुंदाबाईनं दोनदा विचारलं, मग ताट झाकून ठेवलं.

तिसऱ्या शनिवारी पाचव्यापासून आठव्यापर्यंत चार फोटो रिकामे निघाले. हवेतल्या सहांपैकी दोनच रेणू उरल्या: फळीवरून नुकतीच सुटलेली चौथी आणि रेतीला टेकायच्या बेतातली नववी. शालीकरामनं बोटांवर दिवस मोजले. नागपूरची स्पर्धा तेरा दिवसांवर होती. दर आठवड्याला भोक वाढत होतं. सगळी हवाच रिकामी झाली, तर वर गेलेली पोरगी खाली कुठून येणार? हा प्रश्न मनात आला आणि त्याच्या पाचावर धारण बसली.

त्यानं चौथी रेणू मोठी करून पाहिली. निदान हिच्यात काही कळेल म्हणून. आणखी मोठी केली. चेहरा पडदाभर झाला.

कानशिलापाशी चार केस पांढरे होते. सतरा वर्षांच्या पोरीचे. कपाळावर मोठं कुंकू, जरा उजवीकडं सरकलेलं. आणि डाव्या डोळ्याखाली सुरकुती. एक नाही, एकावर एक अशा दोन. ती सुरकुती त्याच्या ओळखीची होती. ती त्यानंच काढली होती, आणि चुकून दोनदा काढली होती.

आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मुद्दामच ठेवली, कारण शालीकरामनंही ती दोन वर्षं मनाच्या तळाशी दाबून ठेवली होती.

दोन वर्षांपूर्वी, रेणू दहावीत असताना, भैयालाल तिला घेऊन स्टुडिओत आला होता. परीक्षेच्या फॉर्मला फोटो काढायचा होता. फोटो झाल्यावर पोरीनं दप्तरातून एक मतदार कार्ड काढलं. सुशिलाबाई भैयालाल सयाम. गळक्या कौलाखाली चार पावसाळे भिजून त्यावरच्या फोटोचा नुसता काळा डाग उरला होता. आईचा दुसरा फोटो नव्हताच. फोटो काढायची वेळ आली की बाई जंगलात मोहाला नाहीतर तेंदूपत्त्याला गेलेली असायची.

"काका, तुम्ही मेलेले माणसं परत आणता म्हणतात," रेणू म्हणाली होती. "माही आई काढून द्या ना यातून. मले तिचं तोंड आठवत नाही."

त्यानं तीन दिवस प्रयत्न केला. काळ्या डागातून काळा डागच निघाला. तेव्हा म्हणायचं होतं, बाई, नाही जमत. दोन शब्द होते. पण मेलेली माणसं परत आणणारा शालीकभाऊ तो! त्यानं पोरीचाच फॉर्मचा फोटो घेतला. आईवरच गेली असेल पोरगी, अशी मनाची समजूत घातली. सुशिलाबाईला लग्नानंतर सतरा वर्षांनी पोरगी झाली होती, म्हणजे जाताना तिनं चाळिशी ओलांडलेली असणार. मग कानशिलापाशी पांढरे केस टाकले, सुरकुत्या घातल्या, कुंकू लावलं, डोक्यावर लुगड्याचा पदर घेतला. "कार्डावरूनच काढला," असं छातीठोक सांगितलं, फ्रेम केली, आणि चंदनाचा हार आपल्या हातानं त्या फ्रेमला घातला.

रेणूनं ती फ्रेम पोटाशी धरली होती. "माह्यासारखीच दिसते ना बाबा?" भैयालालनं फोटोकडं पाहिलं होतं, मग शालीकरामकडं पाहिलं होतं, आणि नुसतं "होय" म्हणाला होता.

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. शालीकराम तर जन्मभर हेच पाळत आलेला. गिऱ्हाईक फ्रेम न्यायला आलं की तो आधी विचारायचा, "माणूस हाय का गेला?" आणि गेला म्हटल्यावरच हाराला हात लावायचा. या एका फोटोच्या वेळी त्यानं ते विचारलं नव्हतं. कोणाला विचारणार? उत्तर त्यालाच ठाऊक होतं.

त्याच दुपारी त्यानं मोटारसायकल काढली. ड्रॉवरच्या तळाशी ते मतदार कार्ड तसंच पडून होतं, परत द्यायचं राहून गेलेलं. ते खिशात घातलं. रस्ताभर एक मन म्हणे, जा; दुसरं म्हणे, परत फिर, तीस वर्षांची इज्जत मातीत जाईल. केशोरी मागं पडली. दोन्हीकडून जंगल आलं आणि गार वारा लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. शालीकरामच्या मनात त्या दिवशी भर उन्हात अंधार होता.

अंगणात वच्छलाबाई लाखोळीची भाजी निवडत बसली होती. भैयालाल खाटेवर. शालीकराम दारातच थबकला, कारण दारातून समोरची भिंत दिसत होती. भिंतीवर ती फ्रेम. झेंडूचा ताजा हार, पाणी शिंपडलेला, अजून टिपकत होता. खाली अगरबत्ती जळत होती.

"रोज तीच घालते," वच्छलाबाई म्हणाली. "जायच्या आधी हार-अगरबत्ती, परत आली का पुन्हा. आज कॉलेजाले सुट्टी, आता मैदानावरून आली, नवा हार घातला आन् मांगं पाण्याले गेली. बसा ना शालीकभाऊ. उभे काऊन?"

शालीकराम बसला नाही. उभ्या-उभ्याच सगळं सांगून टाकलं. कार्ड, काळा डाग, दहावीचा फोटो, दोनदा पडलेली सुरकुती, रिकामे फोटो, सावली, सगळं. सांगताना त्याला रडू आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. शेवटी कार्ड काढून खाटेवर ठेवलं.

भैयालाल कार्डाकडं बघत राहिला. वच्छलाबाई मात्र उठली आणि शालीकरामच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "माही बहीण होती ते. तिचं तोंड मले नाही समजणार? भाऊजीले बी समजलं होतं. पोरगी खुश होऊन राहिली होती म्हणून दोघंही चूप राहिलो. पण हे नाही समजलं, का पोरीचाच फोटो हाय. आम्हाले वाटलं, कोण्या दुसऱ्या बाईचा असंल." तिचा आवाज चढला. "आमच्यात माणूस गेला का त्याले पुरखात, वाडवडलांत मिळवतात, घरात आणून बसवतात. तू जितीले मिळवून ठेवलं, शालीकभाऊ! दोन वरसं!"

मागच्या दारात घागर घेऊन रेणू उभी होती. कधीपासून उभी होती देव जाणे.

भैयालाल उठला आणि फोटोकडं हात नेला. रेणूनं घागर ठेवली आणि आडवी आली. "नाही. हात नका लावू बाबा. दोन वरसं मी हिच्याशी बोलून राहिली. मले दुसरी आई नाही."

"बोलून राहिली," वच्छलाबाई हळूच म्हणाली. "आन् ते काय बोलते तुले?"

पोरगी फोटोच्या आणखी पुढं सरकली.

"रेणू. काय बोलते ते?"

"एकच," रेणू म्हणाली. "म्हणते, ये."

रेणू ओठ चावत उभी राहिली. मग ती वळली, फोटोसमोर गेली आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. शेवटी तिनं आपलं बोट आपल्याच डाव्या डोळ्याखाली फिरवलं, मग काचेवर त्याच जागी फिरवलं. आणि हार काढला, फ्रेम खाली उतरवली, पालथी ठेवली. हार वच्छलाबाईनं नाल्याला नेऊन सोडला.

"जाळा आता ते," भैयालाल म्हणाला.

"पोरीचं तोंड जाळतो काय?" वच्छलाबाई खेकसली. "ज्यानं बसवली तो उठवंल. काय गा शालीकभाऊ? चढवलं तसं उतरवता येते का नाही?"

येत होतं. कारण शालीकरामच्या धंद्याची रीत अशी की मूळ फोटोला हात लावायचा नाही. पांढरे केस एका थरावर, सुरकुत्या दुसऱ्या थरावर, असे थर एकावर एक चढवत जायचं. खाली मूळ फोटो जसाच्या तसा असतो. दोन वर्षांपूर्वीची पोरगी त्या थरांखाली अजून बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तिघं स्टुडिओत आले. शालीकरामनं रेणूला पडद्यासमोर शेजारी बसवलं. वच्छलाबाई तिच्या मागं उभी राहिली. भैयालाल दाराशी.

त्यानं पदराचा थर उतरवला. "रेणू, घरी चाल," वच्छलाबाई म्हणाली, आजारी पोराला हाक मारतात तशी. कुंकू उतरवलं. "रेणू, घरी चाल." पांढरे केस गेले. पडद्यावरची बाई तरुण होत चालली, आणि शालीकरामला आपल्याच हाताची भीती वाटत होती. उरल्या सुरकुत्या. त्यानं तो थर पुसला.

कपाळावरच्या गेल्या. डोळ्याखालची गेली नाही. एकावर एक दोन, तशाच. थर तर संपले होते. खाली नुसता मूळ फोटो होता, आणि त्या पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोळ्याखाली म्हाताऱ्या बाईची सुरकुती. शालीकरामनं पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. शेजारी बसलेल्या रेणूकडं त्यानं पाहिलं. तिच्याही डोळ्याखाली होती.

"अगरबत्ती कोणी लावली?" रेणूनं विचारलं. स्टुडिओत कोणी लावली नव्हती. तिचे डोळे मिटत चालले होते. "काका, चांगलं वाटून राहिलं."

"रेणू! घरी चाल!" वच्छलाबाईनं तिचे खांदे धरून हलवले. पोरगी उठेना.

तेव्हा भैयालाल बोलला. तो माणूस दिवसाला दहा शब्द बोलत असेल तर खूप. तो दारातून आत आला आणि पोरीसमोर उकिडवा बसला.

"तुही आई तुह्यासारखी नव्हती, बाई," तो म्हणाला. "मीच खोटं बोललो तुले. काळी होती. नाक बसकं. हसली का वरचे दात दिसत, म्हणून तोंडावर हात ठेवून हसे. रागावली का दोन-दोन दिवस बोले नाही. पाय मात्र तुले तिचे हायेत. डोक्यावर मोळी घेऊन नाल्यावरून उडी मारे ते, आन् मोळीतली एक काडी पडे नाही. मी मांगून येवो, आन् पाह्यत राहो." त्यानं पोरीचा हात हातात घेतला. "तिनं मले कधी ये नाही म्हटलं. नेहमी म्हणे, तुम्ही हळू या, मी चालली."

रेणूनं डोळे उघडले आणि बापाच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. बारा वर्षांत आईसाठी ती पहिल्यांदाच रडत होती; आजवर तिला कोणासाठी रडायचं तेच ठाऊक नव्हतं. शालीकरामनं पडद्याकडं पाहिलं. पडद्यावर दहावीतली एक पोरगी होती, शाळेच्या गणवेशातली, गुळगुळीत गालाची.

पुढच्या शनिवारी पाळीखाली त्यानं ट्रायपॉड लावला. आधी कोरी पाटी घेतली. मग रेणू धावली. स्टुडिओत जाईपर्यंतही त्याला धीर निघाला नाही. तिथंच दगडावर बसून, कॅमेऱ्यावर पदरासारखा रुमाल धरून त्यानं मोजलं. अकरा. सातवी रेणू मधोमध होती, तोंड उघडं, केस विस्कटलेले, वेडीवाकडी आणि खरी. खाली तिची सावली.

मग सवयीनं त्यानं कोरी पाटी उघडली.

ती घेतली तेव्हा पाळीवर कोणी नव्हतं, हे तो आईशपथ सांगायला तयार होता. फोटोत पाळीवर, मोहाच्या झाडापलीकडं, एक बाई चालत जात होती. पाठमोरी. डोक्यावर मोळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अनवाणी काळे पाय. तोंड दिसत नव्हतं.

त्यानं ती पुसली नाही. छापून भैयालालच्या हातात दिली. भैयालालनं फोटो उजेडात धरला. "टाचा तिच्याच हायेत," एवढंच म्हणाला. आता त्यांच्या भिंतीवर तो फोटो आहे, चौकटीच्या कोपऱ्यात काळ्या डागाचं ते कार्ड खोवलेलं. वच्छलाबाईनं हार घालू दिला नाही. "ते चालली ना," म्हणते, "चालणाऱ्याले हार कायले?"

जानेवारीत नागपूरच्या मैदानावर चिक्कार गर्दी होती. शालीकराम स्वतःहून सरांबरोबर गेला. रेणूची शेवटची उडी. फळीवर पाय पडला, पोरगी उचलली गेली, आणि शालीकरामनं बटण दाबून धरलं, पण डोळा कॅमेऱ्याला लावला नाही. उघड्या डोळ्यानं तिला बघत राहिला, श्वास कोंडून. रेती उडाली.

तिसरी आली. राज्याला फक्त पहिल्या दोघी जाणार होत्या. चैतराम सर डोक्याला हात लावून खालीच बसले. आणि शालीकराम पुस्तोडे, चौपन्न वर्षांचा माणूस, त्या परक्या मैदानावर दोन्ही हात वर करून नाचत होता. लोक बघायला लागले.

"अबे शालीक, पोरगी तिसरी आली! आठ सेंटीमीटरनं दुसरा नंबर गेला!" सर चिडले. "तू नाचते काऊन?"

"खाली आली ना सर!" शालीकरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "खाली आली ना पोरगी!"

रेणू रेती झटकत त्याच्याकडं आली. घामेजलेली, हिरमुसलेली, धापा टाकणारी. "काका, दाखवा ना. कोठं चुकली मी?"

त्यानं अकराही फोटो एकेक करून दाखवले. ती पाहत गेली, आपल्या चुका मोजत गेली. शेवटचा झाल्यावर म्हणाली, "आन् कोरी पाटी?"

शालीकरामनं कॅमेरा बंद केला.

"ते नाही पाह्यत मी आता," तो म्हणाला. "चालणाऱ्याले चालू दे. चाल, बस सुटंल."